मॅचिंगबाईचा कोट

शाफ्टनं आधी तिची बाही घेतली, मग माझी. तिचा दंड धरून तिला मागं ओढायला मी हात घातला, तर मीही त्यात गेले. लोखंड गरगर फिरत होतं आणि आम्हा दोघींना जवळ घेत होतं. मग माझ्या खांद्याशी फर्रकन आवाज झाला. माझी बाही कोटापासून सुटून दांड्याला गुंडाळली गेली आणि मी मागं मातीत आपटले. तिची बाही सुटली नाही. ती बाहीमागून गेली. गोरख ड्रायव्हर धावत येऊन ट्रॅक्टर बंद करेपर्यंत कोट पिळत पिळत तिच्या गळ्यापर्यंत आला होता. ती तिथंच गेली. द्राक्षाच्या बागेच्या तोंडाशी, औषधाच्या ड्रमाजवळ, सकाळी, थंडीत.

शाफ्ट म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून फवारणीच्या पंपाला जोडलेला लोखंडी दांडा. इंजिन चालू असेपर्यंत तो फिरतो. त्याच्यावर झाकण असतं. त्या ट्रॅक्टरवरचं झाकण काढून शेडमध्ये टाकलेलं होतं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण गावात अजून म्हणतात की तिला तिच्या कोटानं खाल्लं. लय नटायची, म्हणून मेली, असं म्हणतात. ती नटायची हे खरं आहे. पुढचं खोटं आहे.

तिचं नाव सुमन. टोळीत तिला कुणी सुमन म्हणत नसे. सगळ्या मॅचिंगबाई म्हणायच्या. दिंडोरीच्या बाजूला द्राक्षबागांत कामाला जाणारी आमची बायकांची टोळी होती. सकाळी पिकअप यायची, आम्ही मागं उभ्यानं जायचो. सगळ्यांचा अवतार एकच. साडी, तिच्यावर नवऱ्याचा नाही तर पोराचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, तोंडाला स्कार्फ. लांबून बघितलं तर बुजगावण्यांची वरात. त्यात ही एकटी वेगळी. शर्टाला बटणं स्कार्फच्या रंगाची. स्कार्फ परकराच्या रंगाचा. परकर साडीखाली असतो, तो कुणाला दिसतो, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "वाऱ्याला दिसतो, अक्का."

मी तिच्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठी, म्हणून मला अक्का म्हणायची. मला तिचं नटणं फार आवडायचं असं नाही. मला वाटायचं, दिवसभर वाकायचं, औषधाचा वास अंगाला, आणि ही रंग कसले जुळवते. पण तिनं त्यापायी कधी काम चुकवलं नाही. घडांची विरळणी करताना तिचा हात माझ्यापेक्षा चलाख होता, म्हणून बोलायला जागा नव्हती. हिरा नावाची एक बाई टोळीत होती, तिची जीभ तिखट. ती पिकअपमध्ये रोज सुरू करायची, "आली गं आली, हिरोईन आली. सरका, इस्त्री मोडंल तिची." मॅचिंगबाई चिडायची नाही. म्हणायची, "मी एक्स्पोर्टचा माल हाय, हिरे. तुम्ही समद्या लोकल. एका क्रेटात भरलं म्हणून भाव एक होत नाय." सगळी पिकअप हसायची. हिराही हसायची, मग म्हणायची, "एक्स्पोर्टचाच माल रिजेक्ट होतो गं जास्त."

नवीन कपडा तिनं क्वचितच घेतला. जे होतं तेच ती ऋतूप्रमाणं उसवून पुन्हा करायची. उन्हाळ्यात, खरड छाटणीच्या वेळी, शर्टाची काखेतली शिलाई उसवून ठेवायची, वारा खेळावा म्हणून. थंडी आली की तीच काख टाचायची. पावसाळ्यात परकराला मधोमध दुमड घालून तो घोट्याच्या वर घ्यायची, दिवाळीला ती दुमड सोडायची. मोडक्या छत्रीचं कापड काड्यांवरून काढून तिनं डोक्यावरची टोपडी केली होती, मानेवर झालर आलेली. आम्ही खताच्या गोणीची खोळ घेऊन भिजायचो आणि ती त्या टोपड्यात कोरडी उभी राहून आमच्याकडे बघायची. पुढच्या पावसात टोळीतल्या निम्म्या बायकांकडे तसली टोपडी होती. मी नाही केली. हिरानं केली.

तिच्याकडे शिलाई मशीन नव्हतं. सुईदोरा होता आणि तिचा टाका कच्चा असायचा. लांब लांब टाके, टोकाला गाठ, एका झटक्यात निघतील असे. मी तिला म्हणायची, "जरा पक्कं शिवत जा, बाई. दर आठ दिवसांनी उसवतं." तर ती म्हणायची, "कायमचं शिवून काय करायचं? ऋतू बदलला की उसवायचंच हाय. कायमचा कपडा एक मढ्याचा. आन् त्याला तर शिलाईच नसती."

आता कोटाचं सांगते.

तिचा नवरा बॅन्डमध्ये होता. लग्नाच्या वरातीत क्लॅरनेट वाजवायचा. लालभडक कोट, खांद्यावर आणि मनगटाला सोनेरी फीत. वाजवायचा चांगला, प्यायचा त्याहून जास्त. लिव्हरनं गेला. आमच्यात गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत, देऊन टाकतात नाही तर नदीला सोडतात. तिनं बाकी सगळं दिलं, कोट दिला नाही. दिराला म्हणाली, राहू द्या. त्यानं वाद घातला, ती कोटावर बसून राहिली. आणि त्याच हिवाळ्यात तो कोट अंगात घालून कामावर आली.

पिकअपमध्ये बायका तिच्यापासून सरकून उभ्या राहिल्या. हिरानंच तोंड उघडलं. "मेल्या माणसाचं अंगात घालती व्हय गं? भ्या नाय वाटत?"

"त्याला आता थंडी वाजत नाय," मॅचिंगबाई म्हणाली. "मला वाजती."

त्या कोटाचं तिनं किती काय केलं. पुरुषी कोट, तिला खांद्यात मोठा. तिनं खांदे आत घेतले. खाली घेर कमी वाटला म्हणून दोन्ही बाजूंना जुन्या चॉकलेटी साडीच्या कळ्या घातल्या, म्हणजे साडीवर नीट पडेल. सोनेरी फीत खांद्यावरून काढली, मनगटाची ठेवली. होळी झाली की कोटाच्या बाह्या काढायची, कोटाची बंडी व्हायची. त्या दोन बाह्या एकमेकींना टाचून त्यांची पिशवी करायची, डबा न्यायला. उन्हाळाभर तिची भाकरी नवऱ्याच्या बाह्यांतून यायची. पावसाळ्यात अस्तर काढून त्याचा स्कार्फ, आणि कोट चुलीच्या वर टांगलेला, बुरशी लागू नये म्हणून. दिवाळीनंतर पिशवी उसवून पुन्हा बाह्या. कोटाला धुराचा वास यायचा. ती म्हणायची, "बरंय की, दारूचा गेला."

माझे मालक गेले त्या वर्षी थंडी मोठी होती. बागेत पहाटे शेकोट्या पेटवायचे, घड गारठू नयेत म्हणून. मी साध्या शर्टावर कुडकुडत होते. तिनं मला काही विचारलं नाही. माझ्या घरी येऊन खुंटीवरची, द्यायची राहिलेली मालकांची तपकिरी शाल काढली आणि घेऊन गेली. मला राग आला. आठवड्यानं ती शाल कोट होऊन परत आली. गुडघ्यापर्यंत, पुढं खिसे, कॉलर. बाह्या अर्थातच कच्च्या टाक्याच्या. "उन्हाळ्यात पिशवी कर," म्हणाली. मी पिशवी कधी केली नाही. पण कोट घातला. दर थोड्या दिवसांनी खांद्याला उसवायचा, मी तिला शिव्या द्यायची, ती डबा खाता खाता अंगावरच पुन्हा टाचून द्यायची. "हलू नको अक्का, टोचंल. टोचलं तर म्हणशील मॅचिंगनं मारलं."

तिला एकच मुलगा, नाशकात कंपनीत. त्याचं लग्न झालं. सून इगतपुरीकडची, पूनम. मुलाला खोली मिळेपर्यंत ती सासूजवळ गावात राहिली. मुलगी कामसू होती. शिवणाचा क्लास केलेला, माहेरहून मशीन आणलेलं. इगतपुरीचा पाऊस म्हणजे चार महिने कपडा वाळत नाही. ओल्या कपड्याचा टाका कुजतो, म्हणून तिकडच्या बायका दुहेरी दोऱ्यानं, दोनदा शिलाई मारतात. पूनमला तेच वळण. घरात आल्यावर तिला सासूचा तो लाल कोट दिसला, खांद्यावर लोंबणारे टाके दिसले. सासू कामाला जाते, लोक बघतात, घरात सुनेचं मशीन असून सासूची बाही लोंबते. तिला ते बरं वाटलं नाही. संक्रांतीच्या आधी एका दुपारी तिनं कोट उसवला आणि नायलॉनच्या दोऱ्यानं पक्का शिवून टाकला. खांदे, काखा, कळ्या, सगळं. सासूला सांगितलं नव्हतं. खुंटीवर लावून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पिकअपमध्ये मॅचिंगबाई खांदा ओढून ओढून दाखवत होती. "बघ अक्का, हत्तीनं ओढला तरी निघायचा नाय."

"मग झालं की बरं," मी म्हटलं.

"काय बरं? होळीला उसवताना बोटं मोडतील माझी." मग जरा वेळानं म्हणाली, "पोरीला झक्कास म्हणाले. तोंड एवढंसं करून उभी होती. काय म्हणणार?"

ती गेली तो संक्रांतीनंतरचाच आठवडा. फवारणीला गडी कमी होते, म्हणून बागायतदारानं आम्हा दोघींना ड्रमावर ठेवलं. त्याला सगळे नाना म्हणायचे. ट्रॅक्टर उभा, मागं पंप, बाजूला ड्रम. गडी पाइप धरून ओळीत गेलेले, गोरख जवळच पाइपाचं वेटोळं सोडवत होता. मी काठीनं औषध ढवळत होते, ती पाणी आणून ओतत होती. पाण्याची टाकी पलीकडच्या बाजूला. वळसा घालून जायचं तर पाइपांच्या वेटोळ्यांवरून जावं लागे. म्हणून सगळेच बादली शाफ्टवरून इकडून तिकडं द्यायचे. ट्रॅक्टर बंद करायचा नाही, प्रेशर उतरतं आणि आत ओळीतले गडी ओरडतात. चालू दांड्यावरून हात नेणं ही आमच्याकडची रोजची गोष्ट होती. गोरख करायचा, गडी करायचे, नाना स्वतः करायचे. झाकण होतं तेव्हाही करायचे. मग ग्रीस भरताना ते आड येतं म्हणून काढलं, तरी करतच राहिले.

तिनं बादली दिली, मी घेतली. हात मागं घेताना मनगटाची फीत दांड्याच्या खिळीत अडकली. ती "अगं" म्हणाली. ओरडलीसुद्धा नाही, "अगं" म्हणाली, एखादी वस्तू विसरल्यासारखं. पुढचं मी वर सांगितलं आहे.

मी मातीत पडले होते. उजवा हात उचलवत नव्हता, पण डोळे उघडे होते. गोरखनं ट्रॅक्टर बंद केला, विळ्यानं कोट कापला, तिला खाली निजवलं. गडी ओळीतून धावत आले. नाना आले. कुणी तिच्या तोंडावर पाणी मारलं, ते उगाच होतं. मला कुणीतरी बांधाला टेकवून बसवलं. तिथून मी बघितलं, गोरख शेडमध्ये गेला, झाकण घेऊन आला आणि शाफ्टवर बसवायला लागला. त्याच्या हातातून बोल्ट दोनदा खाली पडला. नाना शेजारी उभे होते. मग पोलीस आले.

हवालदारानं मला विचारलं, "मावशी, काय झालं?"

मी म्हटलं, "बाही अडकली. झाकण नव्हतं."

"हे तर आहे."

"आत्ता बसवलंय."

तो नानांकडे बघायला लागला. नाना म्हणाले, "बाईला धक्का बसलाय, हात मोडलाय. आधी दवाखान्यात न्या." मला जीपमध्ये घातलं. हवालदारानं पुढं काय लिहिलं, मला कुणी वाचून दाखवलं नाही.

दहावा रामकुंडावर होता. हात गळ्यात बांधून मी गेले. विधी चालला होता आणि बायका घाटाच्या पायरीवर बसून बोलत होत्या. एकीचं म्हणणं, मेलेल्या नवऱ्याचा कोट, त्यानंच ओढून नेली. दुसरीचं म्हणणं, कामावर असा घेरदार कोट कोण घालतं. हिरा डोळे पुसत बसली होती. ती एकदम म्हणाली, "गप बसा गं. तुमच्या डोक्यावर तिनं काढलेली टोपडी चालती." तेवढं बोलली आणि पुन्हा रडायला लागली.

नाना आले. हात जोडले, बसले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाईला किती वेळा सांगितलं, असलं ढगळं घालून मशीनजवळ येऊ नको म्हणून."

"कवा सांगितलं?" मी विचारलं. "मी रोज तिच्यासंग होते."

"अक्का, दुःखाच्या जागी भांडण नको."

"भांडत नाय. शाफ्टचं झाकण कुठं होतं, तेवढं सांगा."

"झाकण जागेवर होतं. पोलिसांनी बघितलंय."

"पोलीस आले तवा होतं. ती मेली तवा कुठं होतं?"

गोरख मागं उभा होता, तो नदीकडे बघत राहिला. तिचा मुलगा मुंडण करून पाण्याजवळ बसला होता, तो उठून माझ्याकडे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "अक्का, आमचं मिटलंय नानांशी. आता बोलू नका." त्याची आई गेली होती. पण मिटलं ते त्याचं मिटलं, माझं नाही.

त्यानंतर पिकअप माझ्या दारात थांबली नाही. नानांच्याच नाही, कुणाच्याच बागेतून मला बोलावणं आलं नाही. तसाही हात कामाचा राहिला नव्हता.

होळीच्या सुमारास पूनम माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली. पार वाळली होती. नाशकात खोली मिळाली होती, दुसऱ्या दिवशी जाणार होती. मशीन इथंच विकून टाकलं म्हणाली.

"चांगलं चालतं मशीन, का विकलं?"

मी चहा ठेवला, तो तिनं घेतला नाही. मग एकदम म्हणाली, "अक्का, तुमची बाही सुटली. त्यांची नाही सुटली. माझ्या शिलाईनं गेल्या का त्या?"

तिला काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. तसं म्हणणारे तिला पुष्कळ भेटले असतील. नाही गं, तुझा काय दोष, तिची वेळ भरली होती. मला तसं बोलता येत नाही. आणि तिचं तिला आधीच कळलेलं होतं, नाही तर मशीन कशाला विकलं असतं.

मी म्हटलं, "टाका कच्चा असता तर सुटली असती."

ती खाली बसली.

"आता पुढचं ऐक. अर्धं ऐकून जाऊ नको. झाकण असतं तर कच्चाही चालला असता आणि पक्काही चालला असता. बाई कोट पक्का शिवते तो थंडीसाठी शिवते. दांड्यासाठी शिवत नाय. झाकण कुणी काढलं ते मला माहीत हाय आणि परत कुणी बसवलं तेही मी बघितलंय. ते तू नव्हतीस."

"पण लोक..."

"लोकांना कोट दिसतो. लाल होता, सगळ्यांना दिसायचा. झाकण कुणाला दिसत नव्हतं, हाय की नाय ते."

ती बराच वेळ रडली. मी रडू दिलं. पाठीवरून हात फिरवायचा तर माझा डावाच हात चालत होता, तो फिरवला. जाताना तिनं विचारलं, "सासूबाई काही बोलल्या होत्या का, कोट शिवला तेव्हा?"

"झक्कास म्हणाली," मी सांगितलं. ते खरंच होतं.

पूनम अधूनमधून फोन करते. ती आता नाशकात एका दुकानात कामाला आहे, साड्यांना फॉल-पिको करून देणारं दुकान. मशीन पुन्हा चालवते, पण कपडे शिवत नाही, नुसते काठ करते. मीही आता मुलाकडे नाशकात असते. सून मला थंडीसाठी रेडिमेड जॅकेट आणते, चेनचं. मी घालते. उन्हाळ्यात ते कपाटात पडून राहतं, त्याचं दुसरं काही होत नाही.

मध्ये गावी गेले होते. नानांच्या बागेवरून रस्ता जातो. फवारणी चालू होती. ट्रॅक्टर तोच, वर गोरख. शाफ्टवर झाकण होतं. त्यानं मला ओळखलं, मान खाली घातली आणि ट्रॅक्टर पुढं घेतला. मी हाक मारली नाही.

त्या सकाळी ड्रमाजवळ आम्ही तिघं होतो. सुमन गेली. गोरख आहे. मी आहे, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.